चंद्रभागा ते टिटिकाका

आषाढ लागला की सोलापूरच्या भुसार बाजारात साबुदाण्याच्या गोण्यांची थप्पी उंच होते. माल बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमचा. शेजारी शेंगदाण्याची पोती, पलीकडे भाजीबाजारात बटाटा, रताळी, हिरवी मिरची. पालख्या नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत वाखरीकडे सरकतात तशी या मालाची उचल वाढत जाते. दशमीच्या रात्री पंढरपुरात आणि जिल्ह्यातल्या घराघरांत साबुदाणा भिजत पडतो, दाण्याचं कूट होतं, बटाटे उकडून ठेवले जातात.

नामदेवांनी आणि मंगळवेढ्याच्या चोखोबांनी एकादशी धरली तेव्हा यातला एकही जिन्नस या मुलखात नव्हता. कोलंबसाचं गलबत अमेरिकेला लागलं ते १४९२ मध्ये. त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत अमेरिका खंडातली पिकं समुद्रमार्गे आली. उपासाला धान्य-कडधान्य वर्ज्य होतं, पण या नव्या कंदांची आणि शेंगांची नावं त्या जुन्या यादीत नव्हतीच. ती सुखाने फराळात शिरली आणि तिथली कायमची झाली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी मका आणि तंबाखू यांचा माग संस्कृत-मराठी कागदपत्रांतून काढला, तेव्हापासून हा विषय मराठी अभ्यासकांना परका राहिलेला नाही. आज तर 'खिचडीतलं सगळं परदेशी' हे वाक्य दर एकादशीला मोबाइलवर फिरतं.

पण ते वाक्य फार लवकर थांबतं. परदेशी म्हणजे कुठलं? कोणत्या डोंगरातलं, कोणत्या रानातलं, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या हातचं? बटाटा आणि ज्याच्या मुळांपासून साबुदाणा होतो तो कसावा, या दोन्ही वनस्पतींच्या मूळ जातींत विष आहे. भुईमूग हा दोन वेगळ्या रानटी जातींचा संकर आहे. यातली एकही गोष्ट जंगलात तयार सापडली नाही. कुणीतरी हजारो वर्षं खपून ती खाण्याजोगी केली. त्या माणसांच्या मुलखातून जाणारी एक वाट आहे, आणि ती सोलापूरच्या माणसाने एकदा तरी चालावी अशी आहे.

मराठी पर्यटकाची नेहमीची दक्षिण अमेरिका ठरलेली असते: रिओ, इग्वासूचा धबधबा, ब्यूनोस आयरिस, माचू पिचू. मीना प्रभूंच्या 'दक्षिणरंग'ने हा खंड मराठी घरांत नेऊन पोचवला आणि त्यानंतर सहलींच्या जाहिरातीही वाढल्या. फराळाच्या ताटाची वाट त्याहून वेगळी आहे. ती ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या साल्वादोरला सुरू होते, अ‍ॅमेझॉनचं रान आणि बोलिव्हियाचं पठार ओलांडून पेरूच्या प्रशांत किनाऱ्याजवळ संपते. निघायच्या किमान दहा दिवस आधी पीतज्वराची लस टोचून पिवळं कार्ड घ्यायला विसरू नये. ब्राझील, बोलिव्हिया, पेरूहून परतणाऱ्या माणसाकडे ते नसेल तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

साल्वादोरपासून सुरुवात करायला कारण आहे. पेद्रो आल्वारिस काब्राल लिस्बनहून निघाला होता तो हिंदुस्थानला. वाटेत २२ एप्रिल १५०० रोजी त्याला ब्राझीलचा किनारा दिसला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो कालिकतला पोचला. ब्राझीलची आणि पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानची गाठ अशी एकाच सफरीत पडली. १५४९ मध्ये वसवलेलं साल्वादोर १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी होतं, आणि गोव्याच्या मार्गावरची जहाजं तिथे दुरुस्तीला आणि पाण्याला थांबत. जुन्या गोव्याची चर्चं पाहिलेल्या माणसाला साल्वादोरच्या चढ-उताराच्या गल्ल्यांत ओळखीचं खूप दिसतं: निळ्या नक्षीच्या टाइल्स, पांढऱ्या भिंती, सोन्याच्या वर्खाने मढलेली साव फ्रान्सिस्कोची वेदी. ज्या चौकाभोवती ही सगळी शोभा आहे, त्याला पेलोरिन्यो हे नाव मिळालं ते गुलामांना बांधून फटके मारण्याच्या खांबावरून. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या कष्टांवर हे शहर उभं राहिलं, हे तिथे कुणी लपवत नाही.

याच बाहियात गाब्रिएल सोआरेस द सोझा नावाचा ऊसमळेवाला राहत होता. १५८७ साली त्याने या प्रदेशाचं बारीक वर्णन लिहून ठेवलं. त्यात भुईमूग आहे. तो लिहितो की इथल्या मूळ रहिवाशांत हे पीक फक्त बायका लावतात आणि बायकाच काढतात, पुरुषांना त्यातलं काही ठाऊक नसतं. पोर्तुगीज बायका बदामाची जी जी मिठाई करत, ती सगळी त्यांनी या दाण्यांची करायला घेतली होती, असंही त्याने नोंदलं आहे. त्या मिठाईचे वंशज आजही तिथे विकले जातात. जूनमध्ये संत जॉनच्या सणाला ब्राझीलभर गुळासारख्या काळसर साखरेत दाणे घालून वडी पाडतात आणि दाण्याचं कूट साखर-मीठ घालून दाबून त्याच्या गोळ्या करतात. पहिली खाल्ली की लोणावळा आठवतो आणि दुसरी खाल्ली की संक्रांत. पांढऱ्या घोळदार पोशाखातल्या बाहियाच्या विक्रेत्या रस्त्याकडेला भजी तळत बसतात, त्यांच्या भज्यांत भरायच्या सारणातही दाणे वाटून घातलेले असतात. त्यात सुकी कोळंबीही असते, हे शाकाहारी माणसाने आधीच विचारून घ्यावं.

साबुदाण्याचं मूळ मात्र रानात आहे. अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी बेलें नावाचं बंदर आहे. तिथला व्हेर-ओ-पेझो बाजार पहाटेपासून होड्यांनी भरून जातो. एका बाजूला कसाव्याच्या पिठाची पोती, पिवळी, पांढरी, जाडी, बारीक. दुसऱ्या बाजूला बाटल्यांतून पिवळाधमक रस. हा रस कच्चा प्यायला तर माणूस दगावू शकतो. कडू कसाव्याच्या मुळात अशी द्रव्यं असतात की मूळ किसलं की त्यातून सायनाइड मोकळं होतं. म्हणून मुळं सोलायची, किसायची, आणि किस वेताच्या पट्ट्यांनी विणलेल्या एका लांबलचक, बाहीसारख्या पिशवीत ठासून भरायचा. तिला तिपिती म्हणतात. वरचं टोक आढ्याला टांगतात आणि खालच्या टोकात दांडा अडकवून त्यावर कुणीतरी बसतं. ओढ लागली की वीण ताणते, पिशवी लांब आणि अरुंद होते, आणि किसातला रस पिळून खाली पडतो. उरलेला चोथा मोठ्या कढईत भाजला की पीठ. रस ठेवून दिला की तळाशी पांढरा गाळ बसतो, तो स्टार्च. वरचं पाणी बराच वेळ उकळलं की विष उडून जातं आणि राहतो तो आंबूस, चवदार तुकुपी.

संध्याकाळी बेलेंच्या कोपऱ्याकोपऱ्यावर वाडग्यांतून हा गरम तुकुपी मिळतो. त्यात कसाव्याचा चिकट स्टार्च, सुकी कोळंबी आणि झांबूची पानं असतात. पानं चावली की जीभ बधिर होते. आपल्याकडे दातदुखीवर चघळतात त्या अक्कलकाऱ्याच्या कुळातलीच ही वनस्पती. सकाळच्या नाश्त्याला तापल्या तव्यावर ओलसर स्टार्च चाळणीने भुरभुरतात. तेल नाही, पाणी नाही, दोन मिनिटांत दाणे एकमेकांना धरतात आणि पांढरी घावनासारखी पोळी सुटते. साबुदाण्याचे थालीपीठ थापून ज्याची बोटं चिकटली आहेत, त्याला हे पाहत उभं राहावंसं वाटेल. गोल मोत्यांसारखा साबुदाणा मात्र उत्तरेत फारसा दिसत नाही. तो भेटतो दूर दक्षिणेला, रिओ ग्रांदे दो सुल प्रांतात, लाल वाइनमध्ये शिजवलेल्या गोड पदार्थाच्या रूपात.

कसाव्याच्या जनुकांचा माग नैर्ऋत्य अ‍ॅमेझॉनकडे, ब्राझीलच्या रोंदोनिया-मातो ग्रोसोच्या पट्ट्याकडे जातो. पलीकडे बोलिव्हियात मोहोसची विस्तीर्ण, पावसाळ्यात बुडणारी गवताळ मैदानं आहेत. त्या मैदानांत हजारो ठिकाणी झाडांची गोलसर बेटं उभी आहेत. त्यातली बरीच माणसांनी रचलेली आहेत: राहत्या जागी शतकानुशतकं टाकलेली राख, शिंपले आणि उष्टं-खरकटं यांनी जमीन उंच झाली आणि तिच्यावर झाडं आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या बेटांच्या मातीतून कसाव्याचे सूक्ष्म अवशेष मिळाले, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे. अ‍ॅमेझॉन म्हणजे माणसाचा हात न लागलेलं रान, ही आपल्या पाठ्यपुस्तकातली समजूत इथे उभी राहू शकत नाही. ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीकाठी आजही शंभराहून अधिक प्रकारचे कसावे लावले जातात, ते वाण राखतात बायका, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीबरोबर, नातलगांबरोबर कलमं गावोगाव फिरतात. ब्राझील सरकारने २०१० साली या शेतीपद्धतीची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली.

इकडे केरळात कसावा रुजला त्यात त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाल महाराजांचा मोठा वाटा. १८८० ते १८८५ या त्यांच्या कारकिर्दीत लागवडीला उत्तेजन मिळालं. आपल्याकडे साबुदाणा त्याआधीही येत होता, पण तो मलायाकडच्या ताडासारख्या सागू वृक्षाच्या गाभ्याचा. दुसऱ्या महायुद्धात ती आवक तुटली आणि १९४० च्या दशकात सेलमच्या कारखानदारांनी कसाव्याच्या स्टार्चचे दाणे वळायला सुरुवात केली. वारकऱ्याच्या पानातली खिचडी त्या अर्थाने तीन पिढ्यांचीच.

मोहोसकडून दक्षिणेला सांता क्रूसमार्गे उतरताना चिकितोसची गावं लागतात. सान हाविएर हे त्यातलं पहिलं, १६९१ मधलं. जेझुइट पाद्र्यांनी रानात वसवलेल्या या वस्त्यांची लाकडी खांबांची चर्चं हान्स रोट या स्विस वास्तुकाराने १९७० च्या दशकापासून पुन्हा उभी केली. दुरुस्तीच्या वेळी बरोक संगीताची हजारो हस्तलिखित पानं हाती आली. १७६७ साली जेझुइटांना हाकलल्यावर दोनशे वर्षं ती कागदपत्रं मूळ रहिवाशांनीच जपली होती. आज त्याच गावांतली मुलं व्हायोलिनवर ते संगीत वाजवतात. इथे एक मुक्काम करायलाच हवा.

पुढे चाको. काटेरी झुडपं, पांढरट माती, अंग भाजून काढणारा उन्हाळा. सोलापूरच्या माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटेल. बोलिव्हियाच्या तारिहा प्रांतात, अँडीजच्या पायथ्याशी पिल्कोमायो नदी डोंगरातून बाहेर पडते तिथे विया मोंतेस हे गाव आहे. गावाची बातमी होते ती उन्हामुळे किंवा नदीतल्या मासळीमुळे. जगातल्या प्रत्येक शेंगदाण्याचा अर्धा वंश याच टापूतला आहे, हे तिथल्या एखाद्या पाटीवर लिहिलेलं असायला हवं होतं.

भुईमुगाची गोष्ट सोलापूरच्या शेतकऱ्याला अर्धी माहीतच असते. फूल वर येतं, गळतं, आणि मग त्याच्या बुडातून आऱ्या सुटतात. त्या खाली वळतात, मातीत घुसतात आणि तिथे शेंग धरते. आऱ्या सुटायच्या वेळी रान भुसभुशीत लागतं. काही जण पिकावरून रिकामं पिंप फिरवतात, म्हणजे आऱ्या जमिनीला टेकतात. आता हाच गुण रानटी भुईमुगाच्या बाबतीत लक्षात घ्यावा. बी स्वतःच्याच बुडाशी पुरणारी ही वनस्पती वाऱ्याने किंवा पाखरांनी दूर जात नाही, वर्षाला जेमतेम हातभर सरकते. तरीही आपल्या भुईमुगात दोन जातींची गुणसूत्रं एकत्र आहेत. एक आराकिस दुरानेन्सिस, उत्तर अर्जेंटिना आणि दक्षिण बोलिव्हियातली. दुसरी आराकिस ईपाएन्सिस, विया मोंतेसजवळच्या ईपा या जागेची. दोघींची भेट झाली कशी?

२०१६ साली या दोन्ही जातींचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. या कामात हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्थाही होती. त्यातून निघालेला अंदाज असा: सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी फिरस्त्या माणसांनी एका जातीच्या शेंगा आपल्याबरोबर दुसरीच्या मुलखात नेल्या, वस्तीजवळ लावल्या, आणि मधमाश्यांनी उरलेलं काम केलं. ईपाएन्सिस जगाला ठाऊक झाली ती १९७० च्या दशकात, अर्जेंटिनाच्या कोरियेंतेस गावचे वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोनियो क्रापोविकास आणि त्यांचे अमेरिकी सहकारी वॉल्टन ग्रेगरी यांच्यामुळे. दोघांनी कित्येक वर्षं जीपगाड्यांतून हा खंड पालथा घातला. आराकिस कुळातल्या ६९ जातींचं वर्णन करणारा त्यांचा ग्रंथ १९९४ मध्ये आला. आज जगातल्या प्रयोगशाळांत जी ईपाएन्सिस आहे, ती त्या एकाच ठिकाणच्या बियांची संतती.

पायथा सोडून वर चढलं की सुक्रे. पांढरं, टापटिपीचं, कौलारू शहर, २,८०० मीटरवर. १६२४ साली स्थापन झालेलं विद्यापीठ इथे आहे आणि बोलिव्हियाचं स्वातंत्र्य ६ ऑगस्ट १८२५ ला इथेच जाहीर झालं. दुपारी बाजारातल्या खाणावळीत सोपा दे मानी मागावं. कच्चे दाणे भिजवून वाटायचे, उकळायचे, त्यात बटाटा आणि भाज्या घालायच्या, वरून तळलेल्या बटाट्याच्या काड्या आणि कोथिंबिरीसारखी पाने. एरवी ते मांसाच्या रश्श्यातच शिजतं. वऱ्याच्या तांदळाबरोबरची आपली दाण्याची आमटी भाजलेल्या कुटाची असते, त्यामुळे खमंग लागते. हे सूप दुधासारखं सौम्य. तिखट लागतं ते बाजूच्या चटणीने: लोकोतो नावाची मांसल मिरची आणि टोमॅटो, दगडी पाट्यावर अर्धचंद्राकृती जड दगड डोलवत वाटलेला. आपली रोजची मिरची माणसाळली ती मेक्सिकोत, पण मिरचीच्या कुळाचं मूळ याच अँडीजच्या उतारांवर आहे आणि बोलिव्हियात रानमिरच्यांच्या जेवढ्या जाती भेटतात तेवढ्या क्वचितच कुठे भेटतील. सोलापुरात मात्र दाणे आणि मिरची एकाच उखळात पडली, लसूण-जिऱ्यासह तेल सुटेपर्यंत कुटली गेली आणि कडक भाकरीशेजारी जाऊन बसली. अँडीजला ही शेंगा चटणी सुचली नाही. ते सोलापूरच्या मराठी, कन्नड आणि तेलुगू स्वयंपाकघरांचं श्रेय आहे आणि ते पूर्ण घ्यावं.

पोतोसीला पोचेपर्यंत श्वास आखूड होतो. शहर चार हजार मीटरच्या वर, आणि डोक्यावर सेर्रो रिको हा लालसर, शंकूसारखा डोंगर. १५४५ साली इथे चांदी लागली. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदो याने वेठ बसवली आणि दूरदूरच्या गावांतून पुरुषांना पाळीपाळीने खाणीत धाडलं जाऊ लागलं. सतराव्या शतकाच्या आरंभी इथे दीड लाखाच्या आसपास वस्ती होती, तेव्हाच्या जगातल्या मोठ्या शहरांपैकी हे एक. इथल्या चांदीची नाणी सेव्हिल, लिस्बन, मनिला अशी फिरत हिंदुस्थानात येत. मिरी आणि सुती कापड घ्यायला युरोपीय व्यापाऱ्यांकडे दुसरं फारसं काही नव्हतं. सुरतेच्या टांकसाळीत ती वितळून मुघल रुपये पाडले जात. दख्खनच्या बाजारात फिरलेल्या चांदीत पोतोसीच्या खाणीत मेलेल्या केचुआ आणि आयमारा माणसांचे कष्ट मिसळलेले होते. त्यांचं पोट भरत होतं ते बटाट्यावर. पेद्रो सिएसा द लेऑनने १५५३ मध्ये छापलेल्या आपल्या वृत्तांतात लिहिलं आहे की वाळवलेला बटाटा पोतोसीला नेऊन विकण्याच्या धंद्यावर कित्येक स्पॅनिश लोक गब्बर होऊन मायदेशी परतले.

तो वाळवलेला बटाटा, चुन्यो, टिटिकाकाच्या काठी अजून होतो. सरोवर ३,८१२ मीटरवर, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. जून-जुलै हे इथले कडाक्याच्या थंडीचे महिने, म्हणजे नेमका आपला आषाढ. दिंड्या माळशिरसच्या माळावरून चालत असतात त्या दिवसांत इथे गवतावर लहान बटाटे पसरलेले दिसतात. रात्री दहिवराने ते गोठतात. सकाळी उन्हात सैल पडले की घरची माणसं अनवाणी पायांनी ते तुडवतात, पाणी निघून जातं, सालं सुटतात. असं काही दिवस चाललं की दगडासारखा काळा, हलका गोळा हातात येतो. तो वर्षानुवर्षं टिकतो. पांढरा प्रकार करायचा तर गोठलेले बटाटे आधी आठवड्यांच्या आठवडे वाहत्या पाण्यात ठेवतात. दोन्हींत बटाट्यातलं कडू विषही उतरतं. या उंचीवर थंडी सोसणाऱ्या बऱ्याच जाती कडूच असतात. काही ठिकाणी त्या मऊ, खाण्याजोग्या मातीच्या पातळ कालवणाबरोबर खातात, माती विष धरून ठेवते. आपल्या अंगणातल्या वाळवणांना ऊन पुरतं, इथे थंडी, ऊन, पाणी आणि पाय असं सगळं लागतं. बटाट्याचं मूळ याच भागात, दक्षिण पेरूत, असं २००५ च्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं.

कुस्कोत पर्यटकांची रीघ असते आणि ती समजण्यासारखी आहे. इंकांच्या सांधा न दिसणाऱ्या दगडी भिंतींवर स्पॅनिशांनी सान्तो दोमिंगोचं चर्च बांधलं. १९५० च्या भूकंपात वरचं कोसळलं, खालचं हललं नाही. कथीड्रलमध्ये मार्कोस सापाता या स्थानिक चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेलं येशूचं शेवटचं भोजन आहे, त्यात मधल्या थाळीत अँडीजमधला गिनीपिग वाढलेला आहे. इंका राजकन्येचा मुलगा गार्सिलासो द ला व्हेगा याच शहरात १५३९ मध्ये जन्मला. १६०९ मधल्या त्याच्या ग्रंथात भुईमूग आहे: कच्चा खाल्ला तर डोकं दुखतं, भाजला तर चांगला, आणि मधाबरोबर त्याची उत्तम वडी होते.

पंढरीच्या जिल्ह्यातल्या माणसाने मात्र कुस्कोला जायचं ते मे-अखेर किंवा जूनच्या आरंभी. तेव्हा औसांगाते पर्वताजवळच्या सिनाकारा खोऱ्यात कोयूर रिती यात्रा भरते. सुमारे ४,७०० मीटर उंचीवर हजारो लोक चालत चढतात. गावागावांचे जथे असतात, त्यांना 'राष्ट्रं' म्हणतात, प्रत्येकाचा वेश, वाद्यं आणि नाच ठरलेला. मुखवटे घातलेले उकुकू नावाचे नर्तक रात्री हिमनदीवर चढतात. पूर्वी ते पाठीवर बर्फाचे ठोकळे बांधून उतरत आणि ते पवित्र पाणी गावी नेत. हिमनदी आटू लागली तेव्हा यात्रेकरूंनी स्वतःहून बर्फ तोडणं बंद केलं. चंद्रभागेचं पाणी ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनी हा निर्णय कसा झाला हे तिथे जाऊन विचारण्याजोगं आहे. २०११ साली युनेस्कोने या यात्रेची अमूर्त वारशात नोंद केली.

कुस्कोजवळच पिसाकच्या वरच्या डोंगरात केचुआ गावांनी मिळून बटाट्याचं एक संरक्षित क्षेत्र केलं आहे. हजाराहून अधिक वाण: जांभळे, पिवळे, सापासारखे वळलेले, आणि एक इतका गाठीगाठींचा की त्याचं नाव 'सुनेला रडवणारा'. नव्या सुनेला तो सोलायला देऊन तिच्या हाताची परीक्षा घेत, अशी तिथली आठवण. वाढत्या उष्म्याने आणि किडीने इथल्या लागवडी उतारावरून वरवर सरकत चालल्या आहेत. लिमात १९७१ पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे. पिसाकच्या गावांतून पूर्वी गोळा केलेले आणि मधल्या काळात तिथून नाहीसे झालेले शेकडो वाण त्या केंद्राने २००४ च्या करारानंतर रोगमुक्त करून गावांना परत दिले.

लिमाहून उत्तरेला किनाऱ्याने गेलं की लांबायेके. १९८७ मध्ये वाल्तेर आल्वा यांना सिपान इथे मोचे संस्कृतीतल्या राजाची न लुटलेली कबर मिळाली, सुमारे सतराशे वर्षांपूर्वीची. त्याच्या गळ्यात भुईमुगाच्या शेंगांचा हार होता: दहा सोन्याच्या, दहा चांदीच्या, खऱ्या शेंगेहून मोठ्या, टरफलावरच्या जाळीसकट घडवलेल्या. उजवीकडे सोनं, डावीकडे चांदी. हार आता तिथल्या राजकबर संग्रहालयात आहे. तिथून जवळच्याच सान्या खोऱ्यातल्या न्यानचोकला शेतकऱ्यांच्या वस्तीत सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची शेंगेची टरफलं सापडली आहेत.

या वाटेवरचा एक थांबा दक्षिण अमेरिकेत नाही. सोलापूरहून उमरगा, जहिराबाद करत हैदराबादला जाताना शहराच्या अलीकडे पटनचेरू लागतं. रस्त्यालगतच इक्रिसॅटचं आवार आहे, १९७२ पासूनचं. तिथल्या शीतगृहात भुईमुगाचे पंधरा हजारांहून अधिक नमुने उणे वीस अंशांवर जपलेले आहेत, त्यात बोलिव्हिया, पेरू, ब्राझीलमधले गावठी वाण आणि रानटी जातीही आहेत. आराकिस कार्देनासी ही त्यातली एक, पूर्व बोलिव्हियाच्या रानातून क्रापोविकास आणि सोबत्यांनी आणलेली. कोचाबांबाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मार्तिन कार्देनास यांचं नाव तिला दिलं आहे. टिक्का आणि तांबेरा हे भुईमुगाचे दोन जुने वैरी तिला शिवत नाहीत. तिच्याशी केलेल्या संकरातून पुढे धारवाडच्या कृषी विद्यापीठाने जीपीबीडी-४ हे वाण काढलं आणि उत्तर कर्नाटकातल्या शेतांत तांबेऱ्याने पानं करपायची थांबली. २०२१ मध्ये या एका रानटी जातीचा जगभरचा माग काढला गेला, तेव्हा आशिया, आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी वाणांत तिची गुणसूत्रं सापडली.

हे बियाणं दक्षिण अमेरिकेतून गेलं तेव्हा कुणी कुणाला परवानगी विचारत नव्हतं. २०१४ मध्ये अंमलात आलेल्या नागोया करारानंतर मूळ मुलखाचा वाटा मान्य झाला, पण जुन्या नमुन्यांना तो लागू होत नाही आणि नव्या नमुन्यांची देवाणघेवाण मंदावली आहे. तिढा खरा आहे, पण पिसाकने एक रीत घालून दिली आहे. चाकोतल्या ग्वारानी आणि वेन्हायेक गावांत आजही टिक्का पडतो. बोलिव्हियाच्याच रानातून निघालेल्या गुणावर उभं राहिलेलं रोगाला दाद न देणारं बियाणं पटनचेरूने आणि धारवाडने त्यांना विनामूल्य द्यावं, आणि ते मागायला त्यांना कुणाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहावं लागू नये.